पन्नाशीतली ब्लॅक बाई, मिरजेची नात

पाटावरवंटा

इथल्या पाककृतींच्या धाग्यांवर माझी हजेरी जुनी आहे. गोडा मसाला, भरली वांगी, थालीपिठाच्या भाजणीचे वाद, सगळीकडे माझं मत वाचलेलं असेल तुम्ही. आज वेगळ्या विषयावर लिहितेय.

माझी आई मिरजेची. तिथेच नर्सिंग शिकली आणि १९७०च्या सुमारास शिकागोला नोकरीला आली. माझे वडील ब्लॅक. त्यांचे आईवडील मिसिसिपीत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. तिथून इलिनॉय सेंट्रलच्या रेल्वेने ते शिकागोच्या साउथ साइडला आले. १९१० ते १९७० या काळात साधारण ६० लाख ब्लॅक माणसं अमेरिकेची दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली, त्यातलंच हे एक घर. मी साउथ साइडला वाढले, उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेला आजीकडे जायचे. माझ्या मराठीला तिकडचा हेल आहे तो त्यामुळे.

मी बावन्न वर्षांची आहे आणि स्वतःला ब्लॅक बाई म्हणते. आज बोलायचंय ते आमच्या वाट्याला येणाऱ्या एका कौतुकाबद्दल.

या देशात ब्लॅक बाईला मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "तू किती खंबीर आहेस!" माझ्या ग्रँडमाला ती मिळाली. आठवडाभर लोकांच्या घरी स्वयंपाक, रविवारी इस्त्रीचा झगा आणि हॅट घालून चर्च, आणि दुपारी स्वतःच्या घरी वीस माणसांचं जेवण. माझ्या आत्याला मिळाली. मला तर शाळेपासून मिळतेय. वडील गेले तेव्हा लोक सांत्वनाला आले, मिठी मारून म्हणाले, तू खंबीर आहेस, आईला सांभाळशील. मी जेवले का हे त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही.

हे कौतुक येतं कुठून ते या वयात नीट दिसायला लागलंय. गुलामीत ब्लॅक बाई पुरुषाच्या बरोबरीने शेतात राबायची आणि वर मुलंही जन्माला घालायची, म्हणजे मालकाची मालमत्ता वाढवायची. १८४०च्या दशकात अलाबामात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने गुलाम बायकांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले, पुन्हा पुन्हा, भूल न देता. त्यांच्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, लूसी, बेट्सी. सिम्सला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणायचे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला त्याचा पुतळा होता, तो हलवला २०१८ साली. २०१६मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही प्रश्न विचारले, तर जवळपास निम्म्यांचा अशा एखाद्या तरी खोट्या गोष्टीवर विश्वास निघाला, उदाहरणार्थ काळ्या माणसाची कातडी जाड असते. आधी म्हणायचे हिला दुखत नाही. आता म्हणतात ही खंबीर आहे. मला त्या दोन्हींत एकच सोय दिसते, हिच्याकडे बघायला नको.

मला ही शाबासकी परत करायची आहे. वाकायचा, रडायचा, "आज माझ्याकडून होणार नाही" म्हणायचा हक्क मला हवाय, आणि तो ब्लॅक बाई राहूनच हवाय.

इथे पन्नाशीच्या आसपासच्या खूप जणी आहेत. तुम्हाला विचारते. तुमच्यावरही कोणी खंबीरपण टाकलं असेल. ते खाली ठेवता आलं का? घरच्यांनी ठेवू दिलं का?

ओसरी

ताई, आमच्या घरी वर्षाचा गोडा मसाला तुमच्या प्रमाणाने होतो. सासूबाई तुम्हाला "ती मिरजेची" म्हणतात. आज त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तिला सांग, जेवली का म्हणून मी विचारलंय."

जास्वंद

वाचतेय. दोनदा वाचलं. सवडीने लिहिते.

रोखठोक

लेखन प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिकपणेच विचारतो. आई मराठी, भाषा मराठी, स्वयंपाक मराठी. मग स्वतःला सरळ ब्लॅक का म्हणायचं? निम्मी मराठी, निम्मी आफ्रिकन अमेरिकन म्हणा की. आईच्या बाजूवर अन्याय होत नाही का? राग नसावा.

न्यूजर्सीकर

@रोखठोक, ज्यांनी सगळा मजकूर मराठीत लिहिलाय त्यांनी आईवर अन्याय केला म्हणता?

पाटावरवंटा, मिरजेला आजीकडे कसं असायचं ते वाचायला आवडेल. गल्लीतले लोक कसे वागायचे?

पाटावरवंटा

ओसरी, सासूबाईंना नमस्कार सांगा. जेवले. आज मुगाची खिचडी केली होती.

रोखठोक, राग नाही. हा प्रश्न मला दोन्हीकडच्या नातेवाइकांनी विचारलाय, तुम्ही निदान तोंडावर विचारलात.

अमेरिकेत माणूस ब्लॅक की नाही हे ठरवण्याचे कायदे होते, आणि ते बाईच्या शरीरावरून सुरू झाले. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या रीतीप्रमाणे तोवर बापावरून ठरायचं. कायदा बदलल्यामुळे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं मूल गुलामच, आणि बापाला कसलीही जबाबदारी नाही. पुढे कितीतरी राज्यांत ब्लॅक रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस ब्लॅक, असे नियम झाले. म्हणजे आमच्यात गोरे, गहूवर्णी, सावळे, काळे सगळे पहिल्यापासून आहेत. माझ्या ग्रँडमाचे डोळे घारे होते. त्यांना कोणी "निम्म्या" म्हटलं नाही. ब्लॅक म्हणजे एकाच रंगाची, एकाच रक्ताची माणसं असं कधी नव्हतंच. म्हणून त्यात आईची मिरजही मावते.

दुसरं कारण जास्त जवळचं. आई रात्रपाळी करायची. मला वाढवलं ग्रँडमाने आणि आत्याने. मोठ्यांशी बोलताना "येस मॅम" म्हणणं, चर्चमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वाजवणं, रस्त्यात अनोळखी ब्लॅक माणूस दिसला तर मान हलवून दखल घेणं, हे सगळं त्यांचं. मी मराठी आहेच. ते माझ्याकडून कोणी मागत नाही की हिरावूनही घेत नाही. ब्लॅक असणं मात्र रोज कोणीतरी एकतर माझ्यावर लादतं, नाहीतर "तू त्यांच्यासारखी वाटत नाहीस" म्हणून काढून घेऊ बघतं. पन्नाशीत मी ते स्वतःच्या हाताने उचललंय.

न्यूजर्सीकर, मिरजेला सुरुवातीला गल्लीतली पोरं बघत बसायची. आजी मला घेऊन ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगायची, "ही माझी नात." दुसरं काही बोलायची नाही. पुढच्या सुट्टीत मी त्याच पोरांबरोबर दर्ग्याच्या उरुसाला जायला लागले होते. मात्र लग्नकार्यात बायका आईला बाजूला घेऊन "रंग उजळेल हळूहळू" असा धीर द्यायच्या, आणि ते मला समजत होतं.

रोखठोक

समजलं. १६६२चा कायदा मला माहीत नव्हता. "निम्मी" हा शब्द मागे घेतो.

जास्वंद

आता लिहिते. मी अटलांटात राहते. माझ्या ऑफिसात बहुतेक सहकारी ब्लॅक बायका आहेत, बऱ्याच जणी पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्यातल्या एकीने मध्यंतरी केस अगदी बारीक कापले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी तिच्या टेबलाशी जमल्या, जसं काही तिच्या घरी कार्य आहे. तिने नंतर सांगितलं की शाळेत असल्यापासून तिने स्वतःचे खरे केस पाहिलेच नव्हते. मला वाटायचं वेगवेगळ्या केशरचना ही हौस असते. तुमच्याकडे कसं होतं? मिरजेची आजी आणि तुमचे केस, हे मला डोळ्यापुढे आणताच येत नाहीये.

पाटावरवंटा

जास्वंद, तुम्ही नेमकी जागा पकडलीत.

आजीकडे शिकेकाई, खोबरेल आणि बारीक दातांची फणी. माझ्या केसांपुढे फणीचे दात मोडायचे. आजी हरली नाही. बोटांनी तेल लावून, गुंता बोटांनीच सोडवून, घट्ट पेडाच्या वेण्या घालायची. आमचे कुरळे केस कोरडे असतात, तेल आणि संयम हेच त्यांचं औषध आहे. हे आजीला कोणी शिकवलं नव्हतं.

शिकागोत शनिवारची रात्र केसांची. ग्रँडमा लोखंडी कंगवा गॅसवर तापवायची आणि रविवारच्या चर्चसाठी केस सरळ करायची. कान दुमडून धरायचा, हलायचं नाही, हललं की चटका. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर रिलॅक्सर सुरू झालं, म्हणजे केस सरळ करणारं रसायन. डोक्याची आग व्हायची आणि ती सोसली की मोठ्या बायका म्हणायच्या, शाब्बास. खंबीरपणाचा पहिला धडा तोच.

नोकरीसाठी सरळ केस लागायचे. तशी लेखी अट नसे, पण वेण्या किंवा जटांसारखे लॉक्स ठेवले की "व्यावसायिक दिसत नाही" हे ऐकायला मिळायचं. केसांवरून भेदभाव करायचा नाही असा कायदा, क्राउन अ‍ॅक्ट, कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली. तो पहिला. त्यानंतर वीसहून जास्त राज्यांनी केला. सगळ्या देशासाठीचं विधेयक २०२२मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. मिशेल ओबामा आमच्या साउथ साइडच्या. त्यांनी व्हाइट हाउस सोडल्यावर काही वर्षांनी सांगितलं की तिथे असताना त्या वेण्या घालण्यापासून लांब राहिल्या, कारण लोकांची अजून तयारी नव्हती. नवरा राष्ट्राध्यक्ष असलेल्या बाईची ही कथा, तर बँकेच्या काउंटरवरच्या बाईचं काय होत असेल?

हे जुनं आहे. १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने स्वतंत्र ब्लॅक आणि मिश्र वंशाच्या बायकांना डोक्याला फडकं बांधायची सक्ती केली. त्या फार नटतात, उठून दिसतात ही तक्रार. त्या बायकांनी भारी कापडं आणली, पिसं आणि खडे लावले, आणि ते फडकं असं बांधलं की बाकीच्या बायका त्यांची नक्कल करायला लागल्या. हे वाचलं की मला फार आनंद होतो.

मी रिलॅक्सर सोडलं ते चाळिशी उलटल्यावर. केस आता पांढरे आणि कुरळे आहेत, रात्री सॅटिनची टोपी घालून झोपते.

डॉ_मेथी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. केसांच्या मुद्द्यात वैद्यकीय भर घालते. २०२२मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सिस्टर स्टडीचे निष्कर्ष आले. केस सरळ करणारी रसायनं जास्त वेळा, म्हणजे वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. सत्तरीपर्यंतचा धोका अंदाजे १.६ टक्क्यावरून ४ टक्क्यांवर. हा कर्करोग एकुणात कमी आढळणारा आहे, घाबरून जाऊ नका. संशोधन संबंध दाखवतं, कारण सिद्ध करत नाही. तरी ब्लॅक बायका ही रसायनं लहान वयापासून आणि जास्त वापरतात, म्हणून भार त्यांच्यावर जास्त.

धाग्याचा विषय पन्नाशी आहे म्हणून पाळी जाण्याबद्दलही. अमेरिकेत १९९०च्या दशकात स्वान नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, सुमारे ३,३०० बायका, वर्षानुवर्षं पाठपुरावा. अंगातून गरम वाफा येण्याचा, रात्री घाम फुटण्याचा त्रास एकुणात सरासरी साडेसात वर्षांच्या आसपास राहतो असं त्यातून दिसलं. ब्लॅक बायकांत तो १० वर्षांहून जास्त टिकतो. गर्भाशयातल्या गाठी, फायब्रॉइड, पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त ब्लॅक बायकांत सापडतात. गोऱ्या बायकांत सुमारे ७० टक्के. ब्लॅक बायकांत त्या लवकर येतात आणि मोठ्या होतात.

१९९२मध्ये आर्लीन जेरोनिमस यांनी मांडलं की सततचा ताण, भेदभाव, तुटपुंजी साधनं यांनी शरीर वयाआधी झिजतं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती, आज पुरावा वाढलाय. पाटावरवंटा, तुम्ही ज्याला खंबीरपण म्हणता त्याचा हिशोब रक्तदाबात आणि साखरेत निघतो. पेशंट म्हणून तुम्हाला एकच सांगेन, तपासणी पुढे ढकलू नका.

आणि हो, स्वानमध्ये गोऱ्या, ब्लॅक, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या बायका होत्या. भारतीय वंशाच्या नव्हत्या. आपल्या बायकांच्या पन्नाशीबद्दल आपण कमी बोलतो आणि मोजतो तर त्याहून कमी.

पाटावरवंटा

डॉक्टर, आभार. माझी गाठींची शस्त्रक्रिया झाली आहे. आधी बराच काळ "थोडं सोसा" ऐकलं. शेवटी एका ब्लॅक डॉक्टरीणबाईंनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफी लावली.

बाळंतपणाचंही लिहायला हवं. २०२१मध्ये अमेरिकेत एक लाख जन्मांमागे ६९.९ ब्लॅक मातांचे मृत्यू झाले, गोऱ्या मातांचे २६.६. शिक्षण आणि पैसा असूनही हा फरक मिटत नाही. सेरेना विल्यम्सला २०१७मध्ये बाळंतपणानंतर श्वास घेता येईना. फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचं तिने स्वतः ओळखलं, पण स्कॅन करा म्हणून तिला आग्रह धरावा लागला.

निळी_पहाट

सिम्सच्या प्रयोगांबद्दल वाचल्यापासून माझ्या मनात मुक्ता साळवे आहे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या पुण्यातल्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी. १८५५ साली ज्ञानोदयात तिचा निबंध छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं. म्हणजे ज्या काळात अलाबामातल्या त्या तिघींच्या वेदनेची नोंद त्यांच्या शब्दांत कोणी केली नाही, त्याच सुमारास इकडे एक मुलगी आपल्या बायकांची वेदना स्वतः लिहीत होती.

१८७३ला जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. १९४६ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, आणि ड्युबॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. तेव्हा पाटावरवंटाताईंचा विषय आमच्या घरात परका नाही. माझ्या वडिलांच्या कपाटात मार्टिन ल्यूथर किंगचा फोटो होता.

फक्त एक सांगते. या सगळ्या देवाणघेवाणीत पुरुषांची नावं सगळ्यांना पाठ असतात. बायकांनी एकमेकींना लिहिलेली पत्रं मला सापडलेली नाहीत. म्हणून हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

टेकडीवाला

विषय अमेरिकेतला, तिथल्या बायकांचा. त्यात जात आणायची गरज होती का? आणि खरं सांगायचं तर आपल्याला इथे बसून अमेरिकेतल्या वर्णभेदाचं काय?

न्यूजर्सीकर

@टेकडीवाला, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. १९४६ ते १९६५ या काळात भारतातून अमेरिकेत कायमचं येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. शंभर! १९६५चा इमिग्रेशन कायदा झाला आणि देशावरून माणूस मोजणारी ती पद्धत गेली. तो झाला १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात वर्णभेद करणाऱ्या बसवर बहिष्कार घालून ३८१ दिवस पायी चाललेल्या बायकांनी जे वातावरण तयार केलं, त्या दारातून आमचे बाबा आत आले. माझं घर, मुलांचं कॉलेज, गणपतीतली ढोलताशा पथकं, सगळं त्यानंतरचं. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत हे कधी छापलं जात नाही म्हणून इथे लिहितोय.

निळी_पहाट

@टेकडीवाला, जोतीरावांनी ते नातं दीडशे वर्षांपूर्वी जोडलंय, मी नवीन काही आणलं नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असंही मी म्हणत नाही. मिसिसिपीतला कापूस आणि गावकुसाबाहेरचा वाडा यांचे इतिहास वेगळे आहेत. पण बाई म्हणून आणि खालची म्हणून एकाच वेळी मार खाणं मला कळतं.

याचा कोर्टातला दाखला आहे. जनरल मोटर्समध्ये १९६४ आधी ब्लॅक बायकांना कामावर घेतच नसत. १९७०च्या दशकातल्या मंदीत शेवटी आलेल्यांना आधी काढलं, म्हणजे यांनाच. पाच जणींनी दावा लावला. १९७६मध्ये कोर्ट म्हणालं, वंशाचा दावा करा किंवा बाई म्हणून करा, दोन्ही जोडून करता येणार नाही. कंपनीत बायका होत्या, त्या गोऱ्या. ब्लॅक कामगार होते, ते पुरुष. मग भेदभाव कुठाय? किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापक बाईंनी १९८९मध्ये याच निकालावर बोट ठेवून आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला, इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे वंश आणि बाईपण यांचे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात.

टेकडीवाला

कोर्टाचा दाखला पटला. बाकी मतभेद राहू द्या.

कऱ्हाकाठ

अवांतर आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. पाटावरवंटाताई, तुमच्या चवळीच्या उसळीच्या पाककृतीत तुम्ही "एक जानेवारीला हमखास" असं लिहिलं होतंत. तेव्हा मी डोकं खाजवलं होतं. आज ट्यूब पेटली. हे तिकडचं का?

पाटावरवंटा

कऱ्हाकाठ, बरोब्बर ओळखलंत! अमेरिकेच्या दक्षिणेत नववर्षाच्या दिवशी चवळी आणि भात खातात, त्याला हॉपिन जॉन म्हणतात. सोबत कॉलर्डचा पाला शिजवतात. चवळी म्हणजे नशीब आणि पाला म्हणजे पैसा असा समज. चवळी मूळची आफ्रिकेची, भेंडीसुद्धा तिकडचीच मानतात. गुलामांच्या जहाजांबरोबर दोन्ही अमेरिकेत आल्या, आणि त्याच्या कितीतरी आधी व्यापाराच्या वाटांनी आपल्याकडे. आमच्या घरी एक जानेवारीला ग्रँडमाची चवळी डुकराच्या हाडावर शिजायची आणि आईची गूळ-गोडा मसाला घालून. ताटात दोन्ही. वडील दोन्हींवर हॉट सॉस ओतायचे, आई डोळे वटारायची.

न्यूजर्सीकरांनी माँटगोमेरी काढलंच आहे तर जॉर्जिया गिलमोरची आठवण करून देते. खानावळीत स्वयंपाक करणारी बाई, मुलंबाळं पदरात. बसवर बहिष्कार चालू असताना माणसं कामावर पोचवायला गाड्या लागायच्या, पेट्रोल लागायचं. तिने बायका जमवल्या. त्या घरी चिकन तळायच्या, 'पाय' नावाची भरलेली पेस्ट्री आणि केक करायच्या, सभांना आणि ब्यूटी पार्लरांत विकायच्या आणि पैसे आंदोलनाला द्यायच्या. पैसे आणले कुठून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कुठूनच नाही." म्हणून गटाचं नावच पडलं, कुठूनच नसलेल्यांचा क्लब. नाव सांगितलं असतं तर गोऱ्या मालकांनी कामावरून काढलं असतं. जॉर्जियाने कोर्टात साक्ष दिली आणि तिची नोकरी गेलीच. मग तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात खानावळ चालवली आणि किंग तिच्याकडे जेवायला यायचे.

दुपारचा_चहा

मूळ प्रश्नाकडे येते. मी साताऱ्याजवळ राहते, वय पंचावन्न. नवरा गेला तेव्हा मुलं शाळेत होती. दीर शेत मागत होते. त्या वेळी "ही खंबीर आहे" अशी माझी ख्याती झाली नसती तर मला कोणी उभं केलं नसतं. बँकेत, तलाठ्याकडे, कोर्टात मला त्या नावाचा आधार झाला. म्हणून ताई, तुमचं दुःख समजतंय, पण ते नाव मी परत करणार नाही. माझ्याकडे तेवढंच होतं.

जास्वंद

दुपारचा_चहा, हे वाचून गप्प झाले. पण तुम्ही ते नाव स्वतः वापरलंत, दिरांविरुद्ध. ताईंकडे ते वापरलं गेलं त्यांच्याच विरुद्ध. फरक आहे ना?

दुपारचा_चहा

असेल. पण रात्री दोन्हींत एकटंच असतं.

पाटावरवंटा

दुपारचा_चहा, तुमचं म्हणणं मी मनापासून मानते. माझी ग्रँडमा तुमच्याच बाजूने बोलली असती. खंबीर नसती तर आमचं घर मिसिसिपीतून निघालंच नसतं. तिने जे केलं त्याला मी नाव ठेवत नाही. माझं भांडण ते बघणाऱ्यांशी आहे, जे बाईला खंबीर म्हणतात आणि तिचं ओझं तसंच तिच्या डोक्यावर ठेवून निघून जातात. तुमच्या बाजूने कोणी कोर्टात बसायला आलं होतं का?

दुपारचा_चहा

बचत गटातल्या दोघी यायच्या. आळीपाळीने. डबा घेऊन.

पाटावरवंटा

मग तुम्हाला मी जे शोधतेय ते आधीच सापडलेलं आहे!

आमच्याकडेही ते आहे. आत्या ब्लॅक बायकांच्या सोरोरिटीची, म्हणजे कॉलेजात सुरू होणाऱ्या भगिनीमंडळाची सभासद आहे, डेल्टा सिग्मा थीटा. १९१३मध्ये हॉवर्ड विद्यापीठातल्या २२ विद्यार्थिनींनी ती काढली आणि स्थापनेनंतर काही आठवड्यांतच वॉशिंग्टनच्या मताधिकाराच्या मोर्चात त्या चालल्या. ब्लॅक बायकांनी मागे चालावं असं आयोजकांना वाटत होतं, तरीही गेल्या. हे मंडळ कॉलेजनंतर संपत नाही, मरेपर्यंत चालतं. आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लाल ब्लेझरवाल्या सत्तरीच्या बायकांनी वेळापत्रक करून सहा आठवडे घर चालवलं. आत्याने एकदाही "कशाला त्रास घेता" म्हटलं नाही. मी ते बघत होते. ती घेत होती, सरळ, हक्काने.

साठी झाल्यावर तिने रविवारचं जेवणही बंद केलं होतं. चर्चमधून आल्यावर सगळ्यांना सांगितलं, पुढच्या रविवारपासून ज्याने त्याने काहीतरी करून आणायचं, मी खुर्चीत बसणार. माझा चुलतभाऊ रुसला. दोन महिन्यांनी तो मॅकरोनी-चीज करून आणायला लागला आणि आता त्याच्याइतकं चांगलं कोणाला जमत नाही.

तर मी काय करतेय ते सांगते. नोकरीतल्या दोन समित्यांतून नाव काढून घेतलंय, जिथे मला "तुझ्याशिवाय कोण बोलणार" म्हणून बसवलं होतं. भावाला सांगितलंय की महिन्यातले दोन शनिवार-रविवार आई त्याच्याकडे. आणि लेक सतरा वर्षांची आहे, तिला "खंबीर हो" म्हणणं बंद केलंय. ती रडली की मी बाजूला बसते. तिला दोन्हीकडचं हवंय, नेलपेंटपासून नऊवारीपर्यंत, आणि डोक्यावर वेण्यांचा मुकुट. गेल्या गुढीपाडव्याला तशीच नटली. व्हिडिओ कॉलवर मिरजेच्या मामींनी विचारलं, वेण्या घालायला किती वेळ लागला? म्हटलं, सहा तास. मामी म्हणाल्या, आमच्या वेळी आंबाड्यालाच तेवढा लागायचा.

डॉ_मेथी

समित्यांचं वाचून बरं वाटलं. आता रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा मला व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) कळवा.

ओसरी

सासूबाईंनी पुढचा निरोप दिलाय. एक जानेवारीला आमच्याकडेही चवळी-भात होणार आहे, त्या पाल्याऐवजी माठ किंवा चाकवत चालेल का? आणि दुपारचा_चहा, तुम्ही साताऱ्याजवळ कुठे असता? आम्ही वाईत आहोत, रविवारी यायचं का?

पाटावरवंटा

चाकवत नको, मऊ पडतो. कॉलर्डचं पान जाड असतं, तासभर शिजलं तरी टिकतं. वाईत मुळ्याचा किंवा नवलकोलाचा पाला मिळेल, तो घ्या. शिजवताना थोडं व्हिनेगर, नसेल तर आमसूल. पाल्याचं उरलेलं पाणी फेकू नका, वाटीत घेऊन प्या, आमच्याकडे त्यासाठी भांडणं होतात.

दुपारचा_चहा

@ओसरी, व्यनि केलाय. रविवारी येते. भाकऱ्या मी आणते, तुम्ही करू नका.